मुकुटासाठी राखलेली खोली

इदालिनाने धागे तोडायची लहान कात्री सोफ्यावरच्या प्लास्टिकमध्ये खुपसली आणि पाठीपासून बैठकीपर्यंत एका दमात चीर पाडली. प्लास्टिक जुनं होतं, कडांना पिवळं पडलं होतं. ते फाटल्याचा आवाज ऐकून डेरेक हातात पेचकस घेऊन दारातच थांबला.

"मा, खरंच कापताय?"

"मग काय, मुका घेऊ त्याचा?" इदालिना म्हणाली. "ते दुसरं टोक धर."

डेरेक तिचा जावई. विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, खांबांवर चढायचा. दहा वर्षं तो या घरात येत होता, पण या दिवाणखान्यात मोजून चार वेळा बसला असेल. एकदा साखरपुड्याला, दोनदा मुलींच्या बाप्तिस्म्याला, आणि चौथ्यांदा ऑक्टोबरात, लिडिया गेली तेव्हा. चारही वेळा बुडाखाली हे प्लास्टिक होतं. साखरपुड्याच्या दिवशी उकाड्यात ते त्याच्या पँटीला असं चिकटलं की उठताना सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. लिडिया तेव्हा हसून हसून जमिनीवर बसली होती.

फॉल रिव्हर गावातल्या आमच्या चढावर बहुतेक घरांची हीच तऱ्हा. समुद्रापलीकडच्या बेटांवरून या देशात आलेली माणसं आम्ही, घर बांधतो दोन मजली आणि राहतो तळघरात. तिथेच रोजची चूल, तिथेच टीव्ही, तिथेच भांडणं. मागच्या दाराने यायचं, बूट काढायचे आणि खाली उतरायचं. वरचा दिवाणखाना पडदे ओढून बंद ठेवायचा. काचेच्या कपाटातली भांडी, संगमरवरी टेबल, पांढरा गालिचा, सगळं जागच्या जागी. कुणासाठी म्हणाल, तर फादरसाठी, डॉक्टरसाठी आणि पवित्र आत्म्यासाठी.

पहिल्या दोघांचं सोडा, ते हल्ली येत नाहीत. पण पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट दर वर्षी ईस्टरनंतर सात आठवडे सात घरांत मुक्कामाला जातो. घरं आदल्या वर्षीच चिठ्ठ्या टाकून ठरतात. ज्याच्या घरी मुकुट, त्याने दिवाणखान्यात वेदी मांडायची आणि आठवडाभर रोज संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांनी तिथे जपमाळेला जमायचं. इदालिनाचं नाव एकतीस वर्षं त्या टोपलीत पडत होतं आणि एकतीस वर्षं निघत नव्हतं. पण निघालंच, तर खोली तयार हवी. लिडिया लहानपणी या खोलीत पाऊल टाकायला गेली की आई खालून ओरडायची, ती खोली मुकुटाची आहे गं.

आता लिडियाच्या मुली घरात होत्या. मार्गो आठ वर्षांची, कोरा सव्वाचार वर्षांची. जानेवारीत डेरेकने भाड्याचं घर सोडलं आणि दोघींना घेऊन तो सासूकडे, मुलींच्या वावोकडे, राहायला आला. वादळ झालं की त्याला दोन दोन दिवस बाहेर राहावं लागायचं. त्याची बहीण नॅशुआला होती, मोठं अंगण, दोन मुलं. ती म्हणत होती, मुलींना माझ्याकडे पाठव. डेरेकने इदालिनापाशी ते लपवलं नव्हतं.

"जूनमध्ये शाळा संपेपर्यंत बघू," तो म्हणाला होता. "मार्गोचं चाललंय. पण कोरा इथे पाहुण्यासारखी राहते, मा. तिला इथे बरं वाटलं पाहिजे."

ते खरं होतं. कोरा घरात कोट काढत नसे. तळघराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लाल कोटाची सगळी बटणं लावून बसायची. जेवायला बोलावलं की कोटातच जेवायची, झोप लागल्यावर कुणीतरी तो हळूच काढायचं. आईचं नावसुद्धा तिने कधी काढलं नाही. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, ती एक दिवस विचारेल, तेव्हा जे आहे ते सरळ सांगा. इदालिनाला ते पटलं नव्हतं. विचारत नाही म्हणजे विसरली. चार वर्षांचं पोर ते, किती दिवस लक्षात ठेवणार! या विचाराने तिला हायसं वाटायचं आणि मागोमाग काळजात कळ उठायची. लिडियाला विसरली, इतक्या लवकर?

म्हणून मार्चमध्ये उपवासाच्या दिवसांत तिने दिवाणखान्याला हात घातला. मुलींना अंधाऱ्या तळघरात वाढवायचं नाही, असं तिने एका सकाळी ठरवलं आणि कात्री घेऊन वर आली.

तीन आठवडे काम चाललं. काचेचं कपाट डेरेकने खोलून फळी फळी बाहेर काढलं. संगमरवरी टेबल शेजारच्या देओलिंदाच्या गराजमध्ये गेलं. त्याचे कोपरे कोराच्या कपाळाला बरोबर लागले असते. गालिचा गुंडाळला तेव्हा खालची लाकडी जमीन नव्यासारखी निघाली. इदालिनाने अठ्ठावीस वर्षं पडद्यांच्या कारखान्यात शिलाई केली होती. तिने सोफ्याला जाड सुती कापडाच्या खोळी शिवल्या, काढून धुता येतील अशा. खिडकीखाली बुटकं कपाट आलं, त्यात वेताच्या टोपल्या. एकीत ठोकळे, एकीत बाहुल्या, एकीत नुसतेच रंगीत कापडाचे तुकडे. भिंतींना फिका पिवळा रंग लागला. तो मार्गोने दुकानातल्या नमुन्यांतून निवडला होता.

देओलिंदा दाराशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बाई! या खोलीत मी तीस वर्षांत चपला घालून आले नाही, आणि आता इथे सायकल?"

"तीनचाकी आहे."

"चाकं किती आहेत ते विचारत नाहीये. झेफेरिनो वरून बघत असेल तर म्हणेल, मला या सोफ्यावर कधी आडवं होऊ दिलं नाहीस, मेलो तरी."

झेफेरिनो म्हणजे इदालिनाचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी गेलेला. इदालिना हसली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली असेल.

रंगकामासाठी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या होत्या. रंग वाळल्यावर डेरेकने खिळे ठोकायला घेतले आणि विचारलं, "लिडियाचे फोटो कुठायत?"

"ठेवलेत मी. कपाटात."

"लावायचे नाहीत?"

"थोडे दिवस जाऊ देत. मुलींना इथे हसताखेळता आलं पाहिजे. रोज समोर आई दिसली तर कसं व्हायचं?"

डेरेकने खिळे खिशात टाकले. तो स्वतःही बायकोचं नाव घेत नसे. 'तुमची आई' म्हणायचा, नाहीतर 'ती'.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इदालिना धुतलेल्या खोळी घेऊन वर आली, तर कोरा दिवाणखान्यात जमिनीवर पालथी पडून ठोकळ्यांचा पूल बांधत होती. कोट तीनचाकीवर टांगलेला होता. इदालिना तशीच मागे सरकली, जिना उतरली आणि तळघरात चुलीपाशी उभी राहून रडली. आनंदानेच रडली. पोर आपली झाली, असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात एर्मिनियो आला. तो देओलिंदाचा नवरा आणि पवित्र आत्म्याच्या मंडळाचा प्रमुख. टोपी हातात घेऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"इदालिना, सहावा आठवडा तुझा आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"दुःखाचं वर्ष आहे तुझं. मुकुट पुढच्या घरी देऊ. कुणी नाव ठेवणार नाही."

"तुला कुणी सांगितलं मी देणार म्हणून?"

एर्मिनियोने टोपी गुडघ्यावर फिरवली. गेल्या वर्षीची चिठ्ठी त्यानेच वाचली होती. लिडियाचे उपचार तेव्हा अर्ध्यावर आले होते. डोक्याला रुमाल बांधून ती मंडळाच्या हॉलमध्ये चाकांच्या खुर्चीत बसली होती. नाव ऐकताच ती सगळ्यांसमोर ओरडली, "आई, खोली झाडायला घे!" अख्खा हॉल हसला होता. त्यानंतर आजाराच्या दिवसांतही दोघी मायलेकी त्याचंच बोलायच्या. वेदीला कुठलं साटीन, फुलं कुठली, गोड पाव किती. लिडियाला मे महिन्यापर्यंत पोचायचं होतं. पोचली नाही.

"तिच्यासमोर नाव निघालंय," इदालिना म्हणाली. "मी दिला तर तिचं एवढंही राहणार नाही."

डेरेकला हे आवडलं नाही. रात्रपाळी नसली की तो मुलींबरोबर जेवायचा. त्या दिवशी मुली वर खेळायला गेल्यावर त्याने ताट बाजूला सारलं.

"आत्ता कुठे तिचा जीव रमतोय. तुम्ही ती खोली परत काढून घेणार?"

"एक आठवडा, डेरेक. सात दिवस. टोपल्या खाली आणते, आठव्या दिवशी परत वर. त्यांचंच घर आहे."

"त्यांना कसं कळणार हे?"

"मी सांगेन ना."

"सांगाल?" तो म्हणाला. त्या एका शब्दात पुष्कळ होतं, आणि इदालिनाला ते सगळं ऐकू आलं. पण ती ताटं उचलायला लागली. मग डेरेक म्हणाला, "मुकुट येईल त्या शनिवार-रविवारी मुलींना घेऊन नॅशुआला जातो. बहिणीला शाळेत नावं घालण्यासाठी उत्तर हवंय. तिथलंही बघून येऊ."

इदालिनाने ताटं एकावर एक रचली. ती म्हणाली, "बघून ये."

ते शुक्रवारी गेले. शनिवारी सकाळपासून इदालिनाने कंबर कसली. तीनचाकी, टोपल्या, ठोकळे, सगळं तळघरात गेलं. सोफा भिंतीला सरकवला. दुधाच्या क्रेट एकावर एक रचून, वर फळ्या टाकून पाच पायऱ्यांची वेदी उभी केली. त्यावर लिडियाने निवडलेलं पांढरं साटीन, चुण्या घालून जमिनीपर्यंत सोडलेलं. पायरीपायरीवर पांढरी कार्नेशनं, लिली, बारीक दिव्यांच्या माळा. दुपारी एर्मिनियोची व्हॅन आली आणि चोवीस घडीच्या खुर्च्या उतरल्या. त्या चौकातल्या फ्युनरल होममधून आल्या होत्या, जिथे गेलेल्या माणसाला शेवटच्या दर्शनासाठी ठेवतात. आमच्याकडे खुर्च्या तिथूनच येतात. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, मुकुट असो, चांगल्या गादीच्या खुर्च्या गावात त्यांच्याकडेच आहेत आणि ते कुणाला नाही म्हणत नाहीत. त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. इदालिनालाही दिसलं नाही. तिने त्या सहा-सहाच्या चार रांगांत मांडल्या आणि मधून वाट ठेवली.

देओलिंदाने लिलीच्या कुंडीखाली सांडलेलं पाणी पुसलं.

"सुंदर झालंय गं. लिडिया खूश झाली असती."

"तिकडचं अंगण मोठं आहे म्हणतात," इदालिना एकदम म्हणाली.

देओलिंदाला कळायला क्षणभर लागला. "अंगणाचं काय घेऊन बसलीस! पोरींना आजी लागते."

"तिकडे दोन भावंडं आहेत. आत्या तरुण आहे. माझी गुडघ्यांची बोंब."

"डेरेक काय म्हणतो?"

"रविवारी सांगेल."

रविवारी दुपारी मुकुट आला. पुढे पितळी बँड, मागे पोरीबाळी, आणि रुमालाने हात झाकून मुकुट धरलेला एर्मिनियो. इदालिनाने उंबऱ्यावर गुडघे टेकले, मुकुटावरच्या कबुतराला ओठ लावले. एकतीस वर्षं जिची वाट पाहिली ती घटका आली होती. आपल्याला काय वाटतंय हे तिने स्वतःलाच विचारून पाहिलं. लेक शेजारी नाही, एवढंच तिला वाटत होतं.

सात वाजता जपमाळ सुरू झाली. बाहेर अजून ऊन होतं, पण पडदे ओढले होते आणि मेणबत्त्या लावल्या होत्या. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, फक्त पुढच्या रांगेतल्या कडेच्या दोन इदालिनाने रिकाम्या ठेवलेल्या. बायका बहुतेक काळ्या कपड्यांत, कारण रविवारचा चांगला कपडा आमच्या बायकांकडे काळाच असतो. घरची मालकीण म्हणून इदालिना वेदीसमोर गुडघ्यांवर बसून पुढे म्हणत होती आणि बाकीचे मागून म्हणत होते. डेरेक आठला येणार होता, तोपर्यंत प्रार्थना संपली असती. पण रस्ता रिकामा मिळाला. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांपैकी तिसरं दशक चालू असताना मागचं दार उघडलं. कोराची पावलं धावत जिना चढली आणि सरळ आपल्या खोलीकडे आली.

दारात ती थबकली. पाठीवर तिची छोटी पिशवी होती. समोर सगळ्यांच्या पाठी, काळे खांदे, मधली वाट आणि टोकाला फुलं, दिवे, पांढरं साटीन. मागून मार्गो आली. तिच्यामागून डेरेक आला, दोन्ही खांद्यांना सामानाच्या पिशव्या. त्याने कोराच्या खांद्याकडे हात नेला, पण ती निघाली होती. मधल्या वाटेने एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत ती पुढे चालली. कुणी तिच्याकडे पाहून हसलं, कुणी गालाला हात लावला. तिचं लक्ष नव्हतं. वेदीपाशी पोचल्यावर तिने मुकुटाकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ती खाली वाकली, साटीनची कड दोन्ही हातांनी उचलली आणि डोकं आत घातलं.

"आई?" ती आतून म्हणाली.

इदालिनाच्या तोंडातलं 'नमो मारिया' तिथेच तुटलं. मागची प्रार्थना आणखी दोन शब्द पुढे गेली आणि थांबली.

कोरा बाहेर आली. केसांना फुलाची एक पाकळी चिकटली होती.

"इथे नाहीये," ती म्हणाली.

"कोण, बाळा?" इदालिनाने विचारलं. तिला माहीत होतं.

"आई. त्या दिवशी इथेच होती ना, फुलांच्यात? तू मला मागे बसवलंस. चॉकलेटच्या वाटीपाशी. आज मी पुढे आले."

इदालिनाने खुर्च्यांकडे पाहिलं. गडद लाल गाद्या, पाठीला पितळेची पट्टी. ऑक्टोबरात त्या फ्युनरल होममध्ये याच खुर्च्यांवर हीच माणसं याच कपड्यांत बसली होती. अशीच फुलं, असंच साटीन. कोराला पेटीपाशी न्यायचं नाही, असं त्या दिवशी तिनेच ठरवलं होतं. डेरेक तेव्हा काही ठरवायच्या अवस्थेत नव्हता. कोराला सांगितलं ते एवढंच, की आई देवाच्या घरी गेली. आणि पोर सात महिने गप्प राहिली, ती विसरली म्हणून नाही.

इदालिना गुडघ्यांवरून खाली सरकून जमिनीवर बसली.

"कोरा, आई मेली."

लिडियाबद्दल हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

"देवाच्या घरी गेली," कोराने तिला दुरुस्त केलं.

"तसं आम्ही म्हणतो. पण मेली. त्या दिवशी ती पेटीत होती आणि मग आम्ही तिला पुरलं. ती परत येणार नाही."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातही नाही."

"मी पाच वर्षांची झाले की?"

"तेव्हाही नाही, माझ्या राणी. कधीच नाही."

कोरा रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"बाबाला?"

"हो."

"मार्गोला?"

मार्गो दारात उभी होती, तिचा चेहरा लाल झाला. "वावो म्हणाली होती, तुला सांगायचं नाही," ती म्हणाली आणि आजीने घातलेलं ते ओझं सात महिन्यांनी उतरल्यावर हुंदके देऊन रडायला लागली. डेरेकने तिला जवळ ओढलं. इदालिनाला मान वर करवेना. एका नातीला तिने अंधारात ठेवलं होतं आणि दुसरीला त्या अंधारावर पहाऱ्याला बसवलं होतं, तीही आठ वर्षांची. डेरेक आता दोघींना घेऊन जाईल, आणि नेलं तर त्याचं चुकणार नाही. हे तिला अगदी स्वच्छ दिसलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कोराला म्हणाली, मार्गोला म्हणाली, की सगळ्यांनाच, ते तिलाही कळलं नाही.

कोरा वेदीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली आणि तिने समोरच्या रांगांकडे पाहिलं. इतकी मोठी माणसं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

"अजून कोण कोण मेलंय," तिने विचारलं, "जे मला सांगितलं नाही?"

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दाबलं. इदालिनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आता खोटं सांगायची सोय नव्हती.

"तुझे आजोबा. झेफेरिनो. तू जन्मायच्या आधी."

"बरं," कोरा म्हणाली. "अजून?"

"माझी आई. ओलिंपिया. ती बेटावरच गेली, मला जाता आलं नाही."

"बरं." तिने नजर पुढच्या खुर्चीकडे वळवली. तिथे एर्मिनियो होता. तो गडबडला, मग घसा खाकरून उभा राहिला. मंडळाच्या सभेत उभा राहायचा तसाच.

"माझा भाऊ. गिल्बेर्तो. बोटीवर होता, मासे धरायला गेला होता."

"बरं."

त्याच्यानंतर शेजारच्या बाईने आपला नवरा सांगितला. तिच्या मागच्या म्हाताऱ्याने दोन नावं सांगितली आणि तिसरं आठवेना म्हणून तो कपाळ चोळत राहिला. कोरा थांबली, त्याला आठवेपर्यंत. कुणी घाई केली नाही. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, सगळे त्या पायरीवरच्या पोरीकडे पाहून सांगत होते आणि ती प्रत्येकाला बरं म्हणत होती. देओलिंदाची पाळी आली तेव्हा ती मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसली. घडी घालून झाली.

"माझी मुलगी," ती म्हणाली.

एर्मिनियोने झटकन मान वळवली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने हा विषय काढलेला त्याने ऐकला नव्हता. आमच्यातही अर्ध्यांना ते ठाऊक नव्हतं.

"तिचं नाव काय?" कोराने विचारलं.

"लुर्दीस. तीन दिवसांची होती."

"एवढीशी?"

"एवढीशी." देओलिंदाने दोन हातांनी लांबी दाखवली.

कोरा त्या दोन हातांमधल्या जागेकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली.

मग सगळ्या रांगा संपल्या आणि तिची नजर दाराशी गेली.

"बाबा, तू?"

डेरेक मार्गोच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. त्याने एकदा इदालिनाकडे पाहिलं, तिला वाटलं होतं तसं रागाने नाही.

"लिडिया," तो म्हणाला.

"ते आता मला माहितेय. अजून?"

"अजून कुणी नाही, कोरा. तीच एक."

कोराने मान हलवली आणि पायरीवर थोडी सरकली. डेरेकने खांद्यावरच्या पिशव्या उतरवून दारापाशी भिंतीला लावून ठेवल्या, मार्गोला पुढे घातलं आणि मधल्या वाटेने येऊन तो पुढच्या रांगेत बसला.

"मा," तो हळूच म्हणाला, "तिसऱ्या दशकात होता तुम्ही."

इदालिनाने माळ चाचपली. कितवा मणी होता ते तिला आठवेना, म्हणून तिने ते दशक पहिल्यापासून धरलं.